मेन रोडवरची ट्राम, एकास सत्याऐंशी

नाशिकला ट्राम होती. १८८९ साली ती सुरू झाली आणि १९३१-३३च्या सुमारास बंद पडली. मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून ती नाशिकरोड स्टेशनला जायची. अंतर पाच मैल, म्हणजे साधारण आठ किलोमीटर. अडीच फुटी रूळ, दोन डबे आणि ते ओढायला चार घोडे. पुढे घोड्यांच्या जागी पेट्रोलवर चालणारं इंजिन आलं. शहराच्या इतिहासावर लिहिताना बहुतेकजण एवढं सांगून पुढे जातात. माझं तेवढ्यावर भागेना. म्हणून त्या ट्रामचं शहराकडचं टोक मी चार फूट बाय दोन फुटांच्या प्लायवर बांधायला घेतलं आहे. रूळ, डबे, घोडे आणि आजूबाजूचे वाडे, सगळं एकास सत्याऐंशी या मापात.

मापाशी माझं नातं जुनं आहे. दिंडोरी रोडवरच्या ‘मेरी’त, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, मी आरेखक होतो. ही संस्था १९५९पासून नाशकात आहे. तिथल्या शेडमध्ये धरणांच्या सांडव्यांची मॉडेलं बांधून त्यांवरून पाणी सोडलं जातं आणि खऱ्या धरणावर पूर कसा वागेल ते आधीच तपासलं जातं. मॉडेल एकास पन्नास केलं म्हणून पाण्याचा वेग पन्नासपट कमी होत नाही. पन्नासच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे सातपटच कमी होतो. लहान केलेली वस्तू मोठ्या वस्तूबद्दल खरं सांगू शकते, पण त्यासाठी काय लहान करायचं आणि काय नाही हे नीट ठरवावं लागतं. निवृत्तीनंतर घरच्या गच्चीवरच्या खोलीत तेच शिक्षण कामी आलं.

ट्राम मुळात लागली कशासाठी, हे कळायला नकाशा पुरतो. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला गेली. १८६५च्या आरंभी कसारा ते इगतपुरी हा थळ घाटाचा चढ रेल्वेने जिंकला. सदतीस फुटांमागे एक फूट चढणारा हा घाट खुला झाल्यावर मुंबईचा यात्रेकरू रेल्वेने थेट नाशिकला येऊ लागला. पण थेट म्हणजे कुठवर? रूळ घोटी, देवळाली करत पुढे मनमाडच्या रोखाने निघून जातात. गोदावरीच्या वळणात वसलेल्या गावाकडे ते वळतच नाहीत. रामकुंडावर पिंडदानाला आलेला माणूस स्टेशनवर उतरला की गाव अजून पाच मैल लांब, मध्ये नासर्डी नदी, डोक्यावर वळकटी आणि सोबत म्हातारी आई. त्याच्या हाती टांगा नाहीतर पाय. गोदावरीकाठच्या तीर्थाला रोज नवी माणसं येणार, हे ट्रामच्या मागचं सगळं गणित होतं.

मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ला सुरू झाली होती. ती चालवणाऱ्या स्टर्न्स अँड किटरेज कंपनीच्या पागेत नऊशे घोडे असल्याचं सांगतात. नाशिकचा प्रपंच त्यापुढे अगदी लहान. तरी मुंबईची ट्राम गर्दीच्या शहरात गल्लोगल्ली थांबत जायची, आणि नाशिकची उघड्या माळावरून स्टेशन व गाव यांना जोडायची. ती जवळजवळ रेल्वेच होती, फक्त घोड्यांची.

रेल्वेच्याच माणसाने तिला सल्ला दिला होता. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा नाशिक ट्रामचा सल्लागार अभियंता. त्याचा जन्म १८५७चा. १८८२ साली तो जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, रेल्वेत इंजिन निरीक्षक म्हणून हिंदुस्थानात आला. अरुंद रुळांवर हलक्या, स्वस्त पण दमदार गाड्या चालवता येतात, हे त्याने आयुष्यभर लावून धरलं. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही आणि तो भार सर्व आसांवर सारखा वाटायचा, म्हणजे रूळ हलका चालतो, पूल हलका चालतो आणि गरीब मुलखालाही रेल्वे परवडते. हाच विचार घेऊन त्याने १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे उभी केली. तिचेही रूळ अडीच फुटी. पुढे ती पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत पोचली. १९०४ साली इंग्लंडातल्या लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वेतही त्याने अडीच फुटांचंच माप वापरलं. उतारवयात हाच माणूस विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी पॅराशूट बनवत होता. बार्शीच्या गाडीबद्दल पंढरीच्या वारकऱ्यांपासून इंग्लंडातल्या अभ्यासकांपर्यंत सगळे प्रेमाने बोलतात, आणि ते योग्यच आहे. पण बार्शीच्या आठ वर्षं आधी अडीच फुटी रूळ नाशकात पडले होते, आणि त्यांना कॅलथ्रॉपची नजर लाभली होती. नाशिककरांनी याचा अभिमान बाळगायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याला सत्याऐंशीने भागलं की ८.७६ येतात. बाजारात मिळणारा ‘एन’ मापाचा रूळ ९ मिलिमीटरचा असतो. फरक पाव मिलिमीटरहूनही कमी! हा हिशेब कागदावर मांडला त्या रात्री मला झोप आली नाही. इंजिनाची चाकं, मोटार, रूळ सगळं तयार मिळणार होतं. उरलेलं शहर तेवढं मी बांधायचं होतं.

शहर बसवायला जागा किती? याच मापात पाच मैलांचे होतात ९२ मीटर. माझी फळी सव्वा मीटरचीही नाही. तिच्यावर खऱ्या रस्त्याचे जेमतेम १०६ मीटर मावतात आणि रुंदीत ५३. म्हणून स्टेशन नाही, नासर्डी नाही, माळ नाही. फक्त शेवटचा थांबा, त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांची रांग आणि मागे भांडीबाजाराकडे निघणारं एक बोळ.

मग साल ठरवलं. मॉडेल बांधताना ‘पूर्वीच्या काळी’ म्हणून भागत नाही. खांबावर दिवा कसला लावायचा हे त्या सालावर ठरतं. मी १८९६चा उन्हाळा घेतला. ट्राम तोवर रुळली होती. विजेचे खांब नाहीत, मोटारी नाहीत, सिमेंट नाही. चुना, वीट, काळा दगड, सागवान, कौलं आणि रॉकेलचे दिवे. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला आणि सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघड झाला. पुढच्या काही वर्षांत दुष्काळ आणि प्लेग पाठोपाठ येत राहिले. प्लेगात माणसं गाव सोडून रानात झोपड्या घालून राहत, रेल्वेच्या उतारूंची तपासणी होई, यात्रा ओस पडत. यात्रेकरूंवर जगणाऱ्या ट्रामला याहून मोठा घाव कोणता? कंपनी तोट्यात गेली ती या संकटांमुळे. माझ्या फळीवर अजून यातलं काही घडलेलं नाही. डबे भरलेले आहेत.

सगळ्यात जास्त काळ वाड्यांनी घेतला. किट मिळतात ती जर्मन खेड्यांची नाहीतर इंग्लंडच्या गल्ल्यांची. जुन्या नाशकातला वाडा कुठल्याच खोक्यात मिळत नाही. तो मोजूनच बांधावा लागतो. मी टेप घेऊन जुन्या गावात हिंडलो. एका वाड्याच्या ओट्यावर बसलेल्या आजींना विचारलं, तर म्हणाल्या, “मोजा की बाबा. पण आधी चहा घे, आणि तो पश्चिमेचा खांब सोडून मोज, त्याला टेकू दिलाय.” त्यांच्या वाड्याचे खण पाच-पाच फुटांचे निघाले, म्हणजे माझ्याकडे साडेसतरा मिलिमीटर. खांब, त्यावर तोडे, तोड्यांवर तुळई, दोन खांबांमध्ये महिरप. खाली काळ्या दगडाचं जोतं. एकदा खणाचं माप हाती आलं की वाड्याचा दर्शनी भाग आपोआप जुळत जातो. जुना सुतार खण धरूनच बांधत असे, म्हणून दीडशे वर्षांनी मलाही खणच धरून बांधता येतं.

सामान घरचंच. लग्नपत्रिकेच्या जाड कागदासारखा भिंतीला दुसरा कागद नाही. तो दुमडत नाही, कटरने स्वच्छ कापला जातो आणि फेविकॉलने फुगत नाही. खांबांना आइस्क्रीमच्या काड्या, वाशांना खराट्याचे हीर, गजांना जळक्या मोटारीच्या वाइंडिंगमधली तांब्याची तार. जोत्याचे दगड पुठ्ठ्यावर बोथट सुईने रेषा दाबून उठवायचे, काळा रंग द्यायचा आणि तो ओला असतानाच फडक्याने टिपायचा, म्हणजे कडा उजळतात. कौलांसाठी कागदाला बारीक पन्हळी पाडून पट्ट्या खालून वर चिकटवत जायचं. खालच्या पट्टीवर वरची चढली पाहिजे, नाहीतर त्या छपरात पाणी शिरेल हे बघणाऱ्याला लगेच कळतं. झाडांना वाळक्या घोसाळ्याची जाळी. रस्त्याची धूळ म्हणून मी मेन रोडच्या फुटपाथवरचीच माती आणली, तीनदा चाळली आणि वापरली.

काडेपेटीच्या काड्यांची दारं कोरताना दादासाहेब फाळके आठवतात. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळक्यांनी मुंबईतलं बिऱ्हाड नाशकात हलवलं आणि त्यांची हिंदुस्थान फिल्म कंपनी इथेच नांदली. ‘आगकाड्यांची मौज’ या चित्रपटात त्यांनी काड्या एकेक करून हलवत, एकेक चित्र टिपत त्यांना पडद्यावर चालवलं. ट्राम या शहरातून धावत होती त्याच दिवसांत हे काम चाललं होतं. लहानशा वस्तूत जीव ओतायची विद्या नाशिकला परकी नाही.

या छंदाला आपल्याकडे मोठं दैवतही आहे. पुण्यात कर्वे रस्त्यावर भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ला लोकांसाठी खुलं झालं. माझ्याच मापाचं, सिग्नल, पूल, शहर असलेलं चालतं मॉडेल पाहून मी त्या दिवशी नाशिकच्या एस.टी.त बसलो तो मनाशी ठरवूनच. दुसरं दैवत इंग्लंडातलं, रॉय इंग्लंड. १९२५ साली हा तरुण ऑस्ट्रेलियातून तिकडे आला आणि एका खोऱ्यातली जुनी गवती छपरांची घरं एकामागून एक बदलताना, पडताना पाहून हबकला. त्याने ती मोजली आणि पुठ्ठ्यात एकास शहात्तर मापात उभी केली. लाँग विटनहॅम गावात १९५४ला त्यातून पेंडन संग्रहालय उभं राहिलं. तिथे रेल्वे आहे, पण घरांचं मोल तिच्याइतकंच. जुन्या नाशकातून चालताना मला त्याची तगमग कळते. दर पावसाळ्यात धोकादायक वाड्यांना नोटिसा लागतात, दर पावसाळ्यात कुठेतरी भिंत कोसळते. वाडा पाडणाऱ्याला मी बोल लावत नाही. गळक्या छपराखाली राहणाऱ्याचे हाल मी पाहिले आहेत. पण पाडण्याआधी एका सकाळी कुणी टेप आणि वही घेऊन जावं. खणाचं माप, मजल्याची उंची, तोड्याचा आकार, चौकाची लांबी-रुंदी. तेवढ्यावर तो वाडा कागदातून पुन्हा बांधता येतो.

घोड्यांनी मात्र मला फार शिकवलं. जर्मनीच्या प्रायझर कंपनीचे घोडे या मापात मिळतात, पण ते तिकडचे नांगराचे, भरल्या अंगाचे. आपल्याकडच्या टांग्याच्या घोड्याची पाठ आणि मान वेगळी. कानशीने पोटं घासली, माना बारीक केल्या, शेपट्या रेशमी धाग्याच्या लावल्या. चारही घोडे एका पातळ तारेच्या चौकटीवर बसवले. चौकटीखाली एक चाक रुळात धावतं आणि खूर जमिनीपासून केसभर वर राहतात. मोटार मागच्या डब्यात आहे, म्हणजे डबेच घोड्यांना ढकलतात. बघणाऱ्याला घोडेच ओढताना दिसतात, कारण साजाची पट्टी मी सैल ठेवलेली नाही, ताणून बांधली आहे. वेगाचा हिशेब इथे धरणाच्या पाण्यापेक्षा सोपा. ताशी दहा किलोमीटरला सत्याऐंशीने भागायचं, सेकंदाला साधारण ३ सेंटिमीटर येतात. फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला ट्रामला ३८ सेकंद लागतात. मुलांना ते फार हळू वाटतं. मी सांगतो, घोडा याच चालीने चालतो, आणि पाच मैलांना त्याला पाऊण तास लागतो, तोही वाटेत कुठे न थांबता.

शेवटच्या थांब्यावर घोडे सोडून दुसऱ्या टोकाला जुंपावे लागत, त्यासाठी रुळाशेजारी मोकळी जागा हवी. ती सोडल्यावर माझ्या एका वाड्याचा ओटा रस्त्यात आला. मी ओटा कापला नाही; अख्खी रांगच अर्धा इंच मागे सरकवली.

आता पुढची फळी नाशिकरोडची. तिथे दोन मापांचे रूळ शेजारी येतील: ट्रामचे ९ मिलिमीटरचे आणि जीआयपीचे साडेपाच फुटी, जे या मापात १९.३ मिलिमीटर होतात. दुकानात या मापाचा रूळ साडेसोळा मिलिमीटरचाच मिळतो. तो वापरला तर मुंबईहून आलेली मेल ट्रामशेजारी उभी राहिल्यावर दोघींतला फरक कमी दिसेल, आणि त्या काळी स्टेशनवर उतरलेल्या माणसाला पहिल्यांदा दिसला असेल तो हाच फरक. म्हणून हे रूळ मी स्वतः घालणार आहे. सर्किट बोर्डाच्या पट्ट्या कापून स्लीपर तयार केले आहेत, पहिल्या फूटभर रुळांचं डाख देणं सुरू आहे, आणि दोन रुळांत नेमकं अंतर राहावं म्हणून तांबट आळीतल्या एका कारागिराने पितळेचे तीन ठोकळे १९.३ला घासून दिले आहेत.