शिक्का कोणाच्या हाती?

शिवकालीन राजपत्रावर आजच्यासारखी सही शोधू गेले तर ती सापडत नाही. वर अष्टकोनी मुद्रा, मजकूर संपतो तिथे ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तब आणि मधला सारा मजकूर लेखनिकाच्या मोडी अक्षरात. मोर्तबेखाली कोणी एखादी ओळ वाढवली तर ती राजाची नव्हे, हे पाहताक्षणी कळावे, एवढ्यासाठी ती. कागद चिकटवून लांब केलेला असला तर जोडावर पाठीमागून शिक्का मारीत. मग मधला बंद बदलणे अवघड. गावपातळीवर गोतसभेच्या महजरावर, म्हणजे निवाड्याच्या कागदावर, पाटलाचा नांगर असे, न्हाव्याचा आरसा असे. नांगर कोणालाही काढता येतो. त्याला किंमत होती ती साऱ्या गोताच्या देखत काढला म्हणून. खूण कधीच एकटी उभी नव्हती. तिच्यामागे साक्षीदार होते, कारकुनाचे ओळखीचे अक्षर होते आणि दफ्तरातली नोंद होती. 1852 च्या कायद्याने बळ मिळालेल्या इनाम कमिशनने सनदा तपासल्या, तेव्हाही नुसत्या शिक्क्यावर भागले नाही, पेशवे दफ्तर धुंडाळले गेले. कमिशनला सरकारी महसूल वाढवायचा होता आणि त्यात अनेकांची इनामे गेली, हे खरेच. पण खरा-खोटा कागद ठरवायची ती रीत मात्र त्याने शोधून काढलेली नव्हती.

माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 याने डिजिटल सहीला हातच्या सहीची मान्यता दिली. माझ्या मते तिचे खरे नाते सहीशी नाही, शिक्क्याशी आहे. हाताची सही माणसापासून वेगळी काढून ठेवता येत नाही. शिक्का आणि डिजिटल सही उमटवणारी खासगी किल्ली मात्र कपाटात ठेवता येतात, दुसऱ्याच्या हाती देता येतात. यावर कोणी म्हणेल, शिक्का सगळीकडे सारखाच उमटतो, डिजिटल सही मात्र प्रत्येक मजकुरागणिक वेगळी असते. एक स्वल्पविराम हलला तरी पडताळणी फसते. आक्षेप योग्य आहे. मोर्तब आणि जोडावरचा शिक्का जे अर्धेमुर्धे साधत होते ते इथे गणिताने जवळजवळ पूर्ण साधले आहे. पण गणित सांगते ते एवढेच, की ही किल्ली वापरली गेली. ती कोणी फिरवली, हे ते सांगू शकत नाही. संचालकाचे यूएसबी टोकन हिशेबनिसाच्या खणात पडलेले असते, हे कोणत्या कचेरीला नवे आहे? कायद्यालाही ते ठाऊक आहे. कलम 42 नुसार किल्ली जपण्याची जबाबदारी धारकावर आहे, आणि ती फुटल्याचे, सहीचे प्रमाणपत्र देणाऱ्या प्रमाणन प्राधिकरणाला कळवीपर्यंत दायित्व त्याच्याच माथी राहते.

म्हणजे दफ्तराची जागा प्रमाणन प्राधिकरणाने घेतली, पण गोताची जागा रिकामी राहिली. आधार आणि ओटीपीवर चालणाऱ्या ई-साइनने सही घरबसल्या केली, ही मोठी सोय आहे. खेड्यातल्या माणसाचा तालुक्याचा हेलपाटा वाचतो, त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. मात्र समोर कोण बसले होते, सही करणाऱ्याला मजकूर कळला होता का, कोणी दटावून तर ओटीपी घेतला नाही ना, हे सांगायला तिथे कोणी नसते. ही उणीव जिथे सर्वांत महाग पडेल तिथे कायद्याने अजून जुनीच वाट धरली आहे. मृत्युपत्र त्याने इलेक्ट्रॉनिक सहीच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. ते साधारणतः कागदावरच व्हावे लागते, आणि त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात.