डाळिंबाच्या काळेपणाचा माग

वांगं चिरलं की फोडी मिठाच्या पाण्यात टाकायच्या, ही आपल्या आजीची रीत. फोड उघडी राहिली तर काळी पडते, एवढंच तिला ठाऊक होतं. राहाता-संगमनेरच्या बागांत आज लागणारं डाळिंबाचं ‘टिश्यूचं रोप’, म्हणजे फांदीच्या तुकड्यापासून बाटलीत वाढवलेलं रोप, याच रीतीचं दूरचं नातलग आहे.

या काळेपणाचा माग काढत आपण आधी १८८३ च्या जपानात जाऊ. रोगणाच्या झाडाचा चीक हवेत घट्ट होतो तो चिकातल्याच एका पदार्थामुळे, आणि चीक तापवला की ही क्रिया थांबते, असं योशिदा या रसायनज्ञाने दाखवलं. १८९५ मध्ये फ्रान्समध्ये बुर्केलो आणि बर्त्राँ यांना अळंबी काळी करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, सापडलं. अशा विकरांच्या गाभ्यात तांबं असतं, हे पुढे १९३० च्या दशकात बटाट्यावरून कळलं. लिंबातलं आम्ल त्या तांब्यालाच धरून ठेवतं. मिठाचं पाणीही विकराला आवरतं. आजीचं चुकलं नव्हतं!

दुसरी वाट बाटलीत रोप वाढवण्याची. १९०२ मध्ये हाबरलांट यांनी वनस्पतीच्या सुट्या पेशी जगवल्या, पण त्यांचं विभाजन काही झालं नाही. पेशींना मानवणारं जेवण, म्हणजे माध्यम, मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये तंबाखूवर काम करताना ठरवलं. जगभरच्या प्रयोगशाळा आजही तेच वाढतात.

इकडे पुण्यात डॉ. चीमांनी १९३६ मध्ये निवडलेलं ‘गणेश’ डाळिंब आणि ‘गुल-ए-शाह रेड’ यांच्या संकरातून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘भगवा’ दिला. मागणी वाढली, पण गुटी कलमाबरोबर तेल्या आणि मर हे रोगही शेतोशेत फिरू लागले. म्हणून निरोगी रोपासाठी बाटलीकडे वळावं, तर डाळिंबच आडवं आलं. ज्या टॅनिन नावाच्या फेनॉलमुळे त्याची साल कातडी कमवायला वापरत, तेच इथे नडलं. फांदीचा तुकडा माध्यमात रोवला की कापाशी तसलीच विकरं फेनॉल काळवंडवतात, भोवती चहाच्या रंगाचं वलय उमटतं आणि तुकडा स्वतःच्याच विषाने मरतो. खरं तर ही झाडाची जखम राखण्याची सवय. बाटलीत ती अंगावर उलटते.

उपाय म्हणून सायट्रिक आणि अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल आलं, कोळशाची पूड आली. कोळसा मात्र मोठा खादाड: फेनॉलबरोबर वाढीची संप्रेरकंही गिळतो, मग तुकडा काळा पडत नाही आणि वाढतही नाही. २०१३ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी दवण्याच्या कुळातल्या एका वनस्पतीत फेनॉल तयार करणारं विकरच रोखून तपकिरीपणा कमी केला. तरी सगळ्यात साधा इलाज जुनाच आहे: माध्यम तपकिरी होऊ लागलं की तुकडा उचलायचा आणि ताज्या माध्यमाच्या बाटलीत ठेवायचा.