खाडी, वल्हे आणि स्त्री : दक्षिण कोकणातील कांदळवन सफारीचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

'सफारी' हा शब्द मूळचा स्वाहिली भाषेतील असून त्याचा अर्थ प्रवास असा आहे. वसाहतकाळात तो शिकारीशी जोडला गेला आणि वाटाड्या म्हणजे पुरुष हे समीकरण रूढ झाले. शिकारीची जागा निसर्गपर्यटनाने घेतल्यावरही हे समीकरण दीर्घकाळ टिकून राहिले. अलीकडे ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात स्थानिक स्त्रिया मार्गदर्शकाचे काम करू लागल्या. कोकणात असेच परिवर्तन जंगलवाटेवर न घडता खाडीत घडले. प्रस्तुत लेखात वेंगुर्ले येथील मांडवी खाडीतील कांदळवन सफारीचा विचार जुन्या रत्नागिरी जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासाच्या संदर्भात केला आहे. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत वेंगुर्ले हा रत्नागिरी जिल्ह्याचाच तालुका होता.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रत्नागिरी जिल्ह्यातील पुरुष मोठ्या संख्येने मुंबईच्या कापड गिरण्यांत कामासाठी जाऊ लागले. चाकरमान्याच्या मनिऑर्डरीवर अवलंबून असलेले घर आणि शेती यांचा भार गावी राहिलेल्या स्त्रीवर पडला. २००१ च्या जनगणनेतही या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११३६ स्त्रिया होत्या. किनारपट्टीवर ओहोटीच्या वेळी तिसऱ्या व कालवे गोळा करणे, मासळी सुकविणे आणि ती बाजारात विकणे ही कामे प्रामुख्याने स्त्रियाच करीत आल्या. भरती-ओहोटीच्या वेळा, गाळाचे स्वरूप, खाडीकाठची झाडे यांचे ज्ञान त्यांना या श्रमातूनच मिळाले. मात्र होडी आणि जाळे पुरुषांच्याच हाती राहिले. 'मच्छीमार' ही ओळखही या साधनांशीच जोडलेली असल्यामुळे स्त्रीचे काम घरकामाचाच विस्तार मानले गेले.

मांडवी खाडीतील प्रयोग

तिवर, चिप्पी, कांदळ या झाडांकडे दीर्घकाळ सरपण आणि चारा म्हणूनच पाहिले गेले. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीस मनाई केली, तर २०१२ मध्ये राज्याच्या वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. याच दशकात सिंधुदुर्ग किनाऱ्यावर संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सागरी जैवविविधता प्रकल्प राबविण्यात आला. संवर्धनाला स्थानिक उपजीविकेची जोड देणे हा त्याचा एक हेतू होता. त्यातूनच २०१७ मध्ये वेंगुर्ल्याच्या स्वामिनी महिला बचत गटाने कांदळवन सफारी सुरू केली. या सफारीत स्त्रिया स्वतः होडी वल्हवितात आणि पर्यटकांना कांदळवनाच्या जाती, पक्षी व खाडीचे जीवन यांची माहिती देतात.

चर्चा

या प्रयोगाचे वेगळेपण उत्पन्नापुरते मर्यादित नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे कासव संवर्धनामुळे पर्यटन वाढले आणि घरोघरी पाहुण्यांची सोय होऊ लागली. अशा घरगुती निवासात स्त्रीच्या स्वयंपाकाला मोल मिळते ही निश्चितच महत्त्वाची बाब आहे. तथापि तेथे श्रमाची पारंपरिक विभागणी कायम राहते. मांडवी खाडीत मात्र दोन सीमा एकाच वेळी ओलांडल्या गेल्या. वल्हे स्त्रीच्या हाती आले आणि तिचे ज्ञान सार्वजनिकरीत्या बोलण्याचा विषय झाले. चिखलात कालवे शोधणारी स्त्री जे जाणत होती, त्याला प्रथमच 'माहिती' म्हणून मोल मिळाले.

अर्थात हा व्यवसाय हंगामी आहे. पावसाळ्यात पर्यटन थांबते, आणि २०२० च्या टाळेबंदीने त्याचे परावलंबित्व अधिकच स्पष्ट केले.

निष्कर्ष

मार्गदर्शक स्त्रियांकडे केवळ नवलाईचा विषय म्हणून पाहणे इतिहासाशी विसंगत ठरेल. कोकणातील स्त्री खाडीत नव्याने आलेली नाही. तिच्या ज्ञानाची दखल तेवढी नव्याने घेतली गेली आहे. ही दखल टिकाऊ ठरावयाची असेल तर होडीची मालकी, दर ठरविण्याचा अधिकार आणि हंगामाबाहेरील उत्पन्न हे प्रश्न संवर्धनाच्या धोरणात अग्रक्रमाने यावे लागतील. अन्यथा वल्हे हाती येऊनही होडी दुसऱ्याचीच राहील.