रानपिंगळा आणि एक खोटी नोंद

रानपिंगळ्याची गोष्ट आपण १९९७ पासून सांगतो. त्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळ, सातपुड्याच्या सागवानी रानात दिसला. १८८४ नंतर, म्हणजे तब्बल ११३ वर्षांनी! मधल्या काळात शोध झालेच नाहीत का? झाले, पण चुकीच्या जागी. माइनर्ट्झहागेन यांनी संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्यावर १९१४ सालची, गुजरातेतल्या मांडवीची चिठ्ठी लावली होती. रासमुसेन यांनी ती नोंद बाजूला सारली, खऱ्या नोंदींचा माग काढला, आणि पक्षी सापडला. पुढे मेळघाटात, तानसातही तो आढळला. म्हणून संवर्धनाचा आराखडा आखताना आपण आधी नोंदी तपासायच्या. कागदावरच रान चुकलं, तर वाचवायला पोचणार कुठे?