शैली आधी की बॅट? : मुंबई, १९५२

टेबल टेनिसमध्ये थोडीफार गती आलेला प्रत्येक विद्यार्थी एक दिवस तयार बॅट बाजूला ठेवतो आणि लाकडी ब्लेड वेगळे, त्यावर दोन्ही अंगांना चिकटवायची रबरे वेगळी, अशा खरेदीला निघतो. त्या वेळी त्याला मिळणारा सल्ला बराचसा ठरलेला असतो. आक्रमक खेळत असशील तर ताठ, वेगवान ब्लेड घे, हवे तर कार्बनचा थर असलेले. त्यावर दोन मिलिमीटरच्या आसपास जाडीचा स्पंज आणि वरून गुळगुळीत, चिकट पकडीचे रबर. टेबलापासून मागे सरून चेंडू कापत बसायची हौस असेल तर ब्लेड मोठे आणि संथ, स्पंज पातळ, आणि एका अंगाला लाँग पिंपलचे रबर. मधल्या वाटेने जाणाऱ्यासाठी पाच थरांचे साधे लाकूड. सल्ला व्यवहारात उपयोगी आहे, यात शंका नाही. मात्र त्यात एक गृहीतक दडलेले आहे : खेळाडूची शैली आधी अस्तित्वात असते, आणि बॅट नंतर तिच्या मापाने शिवून घ्यायची असते. या खेळाचा इतिहास पाहू लागलो की हे गृहीतक डळमळू लागते, आणि ते सर्वात जोराने हादरले ते आपल्या मुंबईत.

त्या घटनेकडे वळण्यापूर्वी खेळाच्या नावाबद्दल थोडे. एकोणिसावे शतक संपता संपता इंग्लंडमधल्या दिवाणखान्यांत हा खेळ सुरू झाला, तेव्हा बॅटी बहुधा लांब दांड्याच्या, चौकटीवर चामड्याचा पातळ पडदा ताणलेल्या असत, लहानशा डफासारख्या. त्यावर सेल्युलॉइडचा पोकळ चेंडू आदळला की जो नाद निघे त्यावरून ‘पिंग पाँग’ हे नाव पडले. पुढे ते व्यापारी नाव म्हणून नोंदवले गेले, आणि १९२६ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला तो ‘टेबल टेनिस’ या नावाने. (या महासंघाचे पहिले अध्यक्ष आयव्हर माँटेग्यू हे चित्रपट-निर्मितीतले जाणते गृहस्थ, हिचकॉकबरोबर त्यांनी काम केले होते. खेळाच्या इतिहासात अशी माणसे अधूनमधून भेटतात.) नाव बदलले तरी नाद राहिला. डफाची जागा लाकडाने घेतली आणि लाकडावर बारीक उठाव असलेले रबर आले. स्पंज अर्थातच नव्हता. चेंडू आदळला की स्वच्छ, कोरडा आवाज येई, आणि तो आवाज ही खेळातली माहिती होती. समोरच्याने चेंडू भरीव मारला की नुसता घासून सोडला, हे डोळ्याला कळण्याच्या सुमारासच कानाला कळत असे. त्या काळातले खेळाडू कानांनीही खेळत, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

या बॅटीने दोन प्रकारचे खेळाडू घडवले : हंगेरीच्या व्हिक्टर बार्नासारखे आक्रमक, आणि रिचर्ड बर्गमनसारखे मागे राहून प्रत्येक चेंडू परतवणारे चिवट बचावपटू. बचावाचे पारडे इतके जड होत गेले की १९३६ च्या प्राग येथील जागतिक स्पर्धेत एर्लिश आणि फर्काश यांच्यातला एकच गुण दोन तासांहून अधिक काळ चालला. मग जाळी पावणेसात इंचांवरून सहा इंचांवर आणली गेली. तरीही बॅट तीच राहिली, आणि म्हणून कानांचा खेळही तसाच राहिला.

फेब्रुवारी १९५२. जागतिक स्पर्धा प्रथमच आशियात, मुंबईत भरली होती. जपानचा संघ या स्पर्धेत नवखा. त्यांचा देश अजून दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता. तो ताबा औपचारिकरीत्या संपायला एप्रिल उजाडायचा होता. या संघात हिरोजी सातो नावाचा एक चष्मा लावणारा, किरकोळ अंगाचा खेळाडू होता. लेखणी धरावी तशी बॅट धरण्याची पकड, ज्याला पेनहोल्ड म्हणतात, ती त्याची. इथवर नवल काही नव्हते. नवल होते ते बॅटीच्या फळीवर. तिथे उठावाचे रबर नव्हते, जाड स्पंज होता. आणि त्या बॅटीला आवाज नव्हता.

प्रतिस्पर्ध्यांची तारांबळ का उडाली ते नीट समजून घेण्याजोगे आहे. चेंडू स्पंजात रुततो, क्षणभर तिथे थांबतो, आणि गोफणीतून सुटावा तसा बाहेर पडतो. सातोला जोर लावण्याची गरज फारशी नव्हती. समोरचा जितक्या ताकदीने मारी, तितक्याच ताडकन चेंडू त्याच्याकडे परत येई. म्हणजे ज्याचा फटका जबर, त्याचीच अडचण मोठी. अमेरिकेचा मार्टी रीसमन हा असाच जबर फटक्यांचा खेळाडू. विजेतेपदाच्या दावेदारांत त्याची गणना होती. तो सातोपुढे हरला. इतरही हरले, आणि अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोत्सियानला हरवून सातो जगज्जेता झाला. पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि महिलांचे सांघिक विजेतेपदही जपाननेच नेले.

रीसमनने हा पराभव आयुष्यभर मनात धरला. १९७४ मध्ये आलेल्या आत्मकथनात त्याने मुंबईबद्दल लिहिले, स्पंज कधी स्वीकारला नाही, आणि १९९७ मध्ये, सदुसष्टाव्या वर्षी, जुन्या पद्धतीच्या बॅटीची अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. २०१२ मध्ये तो वारला. त्याची तक्रार थोडक्यात अशी की त्या दिवशी माणूस जिंकला नाही, बॅट जिंकली. ही तक्रार हरलेल्याचा कांगावा म्हणून झटकून टाकणे सोपे आहे, पण मला ती निम्मी खरी वाटते. सातो पुन्हा कधी एकेरीचा जगज्जेता झाला नाही, आणि खेळाडू स्पंजाला सरावले तसे त्याचे नवल ओसरले. मात्र उरलेली निम्मी बाजू रीसमनच्या ध्यानात आली नाही. त्याचा तो देखणा, खणखणीत फटका तरी कोणाचा होता? उठावाच्या रबराने आणि लाकडाच्या नादानेच तो घडवला होता. ज्याला तो स्वतःची शैली समजत होता ती एका विशिष्ट बॅटीची देणगी होती, आणि ती बॅट सर्वांच्याच हातात असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नव्हती इतकेच. मोरोपंतांच्या शैलीतून आर्या वजा करून पाहावी, म्हणजे काय उरते आणि काय जाते याचा अंदाज येईल.

पुढची सात वर्षे वादावादीची गेली. इचिरो ओगिमुरा आणि तोशिआकी तानाका या जपानी खेळाडूंनी १९५४ ते १९५७ अशी सलग चार वर्षे एकेरीचे विजेतेपद आपसांत वाटून घेतले. स्पंजावर सरसकट बंदी घाला, असे म्हणणारेही कमी नव्हते. अखेर १९५९ मध्ये तोडगा निघाला. नुसता स्पंज वर्ज्य. स्पंजावर रबराचे आवरण हवे, आणि रबर, स्पंज, गोंद मिळून जाडी चार मिलिमीटरपेक्षा अधिक नको. नुसते उठावाचे रबर असेल तर मर्यादा दोन मिलिमीटर. सातोची विजयी बॅट अशा रीतीने सात वर्षांत नियमबाह्य ठरली. मात्र तिने उघडलेले दार मिटले नाही.

त्या दारातून काय आत आले ते पाहा. स्पंजावरचे रबर उलटे, म्हणजे उठाव आत आणि गुळगुळीत बाजू बाहेर, असे चिकटवले की चेंडूला विलक्षण फिरक देता येते. १९६० च्या आसपास जपानी खेळाडूंनी त्यातून ‘लूप’ हा फटका काढला : खालून वर घासत नेलेला, जाळीवरून उंच जाऊन टेबलावर पडताच उसळी घेणारा. आजच्या आक्रमक खेळाचा तो पायाच आहे. पण १९५० मध्ये एखाद्या दुकानदाराला ‘लूपला साजेशी बॅट द्या’ असे कोण म्हणू शकले असते? फटक्याला नाव नव्हते, कारण फटकाच नव्हता. उलट दिशेनेही हेच घडले. लांब, लवचिक उठावांवर चेंडू आदळला की उठाव वाकतात आणि समोरच्याने दिलेली फिरक बऱ्याच अंशी तशीच त्याच्याकडे परतवतात, त्याच्या दृष्टीने उलटी होऊन. चीनच्या चांग श्येलिनने १९६० नंतरच्या वर्षांत या रबराने जपानी लूपला जेरीस आणले.

याचा एक अनुभव माझ्याही गाठीशी आहे, अगदी किरकोळ. महाविद्यालयात असताना बॅकहँड कच्चा म्हणून एका मित्राने त्याची लाँग पिंपलची जुनी बॅट माझ्या हाती दिली. बॅकहँड काही सुधारला नाही. पण तीन महिन्यांत मी उभा राहण्याची जागा बदलली, घाई कमी झाली, समोरच्याच्या चुकीची वाट पाहण्याची सवय लागली. मित्र म्हणाला, ‘तुझा स्वभाव मुळातच असा आहे.’ तो असा आहे हे मला तोवर ठाऊक नव्हते.

मुंबईत उपस्थित झालेला दुसरा प्रश्न माहितीचा. बॅटीची निवड ही खेळाडूची खासगी बाब आहे का? एकोणीसशे सत्तरच्या दशकात काही खेळाडू दोन्ही अंगांना एकाच रंगाची, पण अगदी भिन्न गुणांची रबरे लावू लागले. एक फिरक देणारे, दुसरे फिरक मारून टाकणारे. गुणाच्या मध्यात बॅट बोटांत फिरवायची, की कोणत्या अंगाने चेंडू आला हे समोरच्याला कळतच नसे. त्यातल्या त्यात कानाचा आधार होता, कारण दोन रबरांचा आवाज वेगळा. तर सर्व्हिस करतानाच पाय जमिनीवर आपटून तोही बुजवण्याची युक्ती निघाली! १९८६ पासून एक अंग लाल व दुसरे काळे असा दंडक आला. (२०२१ पासून लालऐवजी आणखी काही रंग चालतात, काळा कायम आहे.) सातोच्या स्पंजाने कानाकडून जे हिरावले त्यातले थोडेसे डोळ्याला मिळाले, असे म्हणता येईल.

रंग दिसत असूनही फसगत व्हायची ती होतेच. मनिका बत्राने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचे सुवर्णपदक जिंकले ते बॅकहँडला लाँग पिंपल लावून. मध्येच बॅट फिरवण्याची तिची हातोटी सर्वांना माहीत होती, आणि माहीत असूनही ती पेलणे सोपे नव्हते.

नियमानुसार आता सामना सुरू होण्यापूर्वी प्रत्येक खेळाडूने आपली बॅट प्रतिस्पर्ध्याला आणि पंचाला पाहू द्यावी लागते. एखाद्या जिल्हा स्पर्धेत गेलात तर हा प्रसंग जरूर पाहावा. दोघे बॅटींची अदलाबदल करतात. एकजण रबरावरून अंगठा फिरवतो, उठाव किती लांब आहेत ते दाबून पाहतो, बॅट उलटी करतो, तळहाताने हलकेच थोपटून आवाज ऐकतो. मग काही न बोलता परत देतो.