अजिंठ्याची निळाई

अजिंठ्याच्या भिंतींवरील तांबडा, पिवळा व हिरवा हे रंग आसपासच्या मातीपाषाणांतून सिद्ध झाले. परंतु वाकाटक सम्राट हरिषेणाच्या अमदानीत, पाचव्या शतकात, ज्या निळ्याने तेथील चित्रे उजळली, तो लाजवर्द पाषाण सिंधू आणि हिंदुकुश यांच्या पलीकडून, बदख्शानातील कोकचा नदीच्या खोऱ्यातून येत असे. कंपनी सरकारच्या आरमारातील जॉन वुड याने १८३८ साली त्या खाणीची जी रीत पाहून नमूद केली, तीत खडक जाळाने तापवून घणाने ठोकीत.

नुसता दगड कुटला तर मात्र करडी भुकटीच हाती येते, आणि रंगकर्त्याची खरी कसोटी येथेच लागते. इटालियन चित्रकार चेन्निनो चेन्निनी सांगतो की, ती वस्त्रगाळ पूड राळ व मेण यांच्या लगद्यात मळून, काही दिवस मुरवून, कोमट क्षारजलात काठ्यांनी चेपावी. म्हणजे निळे कण पाण्यात उतरतात आणि मळ लगद्यातच अडकून राहतो. पहिल्या धुण्याचा रंग सर्वोत्तम, पुढचा उत्तरोत्तर फिका. एवढ्या सायासाने लाभणाऱ्या निळाईला युरोपात सोन्याच्या तोडीचा भाव यावा, हे मला सर्वथा न्याय्य वाटते.

कृत्रिम निळाई सिद्ध केल्याबद्दल गिमे या फ्रेंच संशोधकास १८२८ साली पारितोषिक मिळाले, आणि पुढे तीच कपड्यांना द्यावयाच्या निळीच्या रूपाने घरोघर पोहोचली.