शेर, छटाक व संगणक
आमच्या शाळांतील एका विषयाचा इतिहास

ज्युबिलीच्या अंकांत मंदिराच्या पायाभरणीचा, घंटेचा व जुन्या धर्मगुरूंचा वृत्तांत देणारे लेखक पुष्कळ असतात, आणि तें योग्यच आहे. आम्हीं मात्र या प्रसंगीं एका शालेय विषयाचा इतिहास सांगण्याचें योजिलें आहे. तो विषय म्हणजे संगणकविद्या. नागपुरांत आज ज्या घरीं दहावी-बारावीचें मूल आहे, त्या घरीं या विषयाची चर्चा झाल्यावांचून राहत नाहीं. फी किती, क्लास कोणता, पुढें नोकरी लागेल काय, असे प्रश्न रात्रीच्या जेवणाच्या वेळीं हटकून निघतात. परंतु हा विषय शाळेंत आला केव्हां, आला तेव्हां काय शिकविलें गेलें, आणि तो घेतांना मराठी मुलाला काय सोडावें लागलें, हें विचारणारे थोडे. सोडावें लागलें असें आम्ही कां म्हणतों, तें पुढें येईल.

प्रथम या विद्येचें मूळ पाहूं. संगणकाला दोनच खुणा समजतात. वीज आहे किंवा नाहीं. एक किंवा शून्य. सारा हिशेब, सारें लेखन, चित्र आणि गायन हीं त्या दोन खुणांच्या रांगांनींच मांडावीं लागतात. ऐकतांना हें कोणा परक्या देशाचें गूढ वाटतें. वास्तविक आमच्या आजोबांना तें वाण्याच्या दुकानांत रोज दिसत असे. शेराचा अर्धा तो अच्छेर, त्याचा अर्धा पावशेर, त्याचा अर्धा नवटाक आणि त्याचा अर्धा छटाक. छटाक, नवटाक, पावशेर व अच्छेर हीं चार वजनें जवळ असलीं, कीं एका छटाकापासून पंधरा छटाकांपर्यंत कोणतेंही माप दुकानदार तोलून देई, आणि प्रत्येक वजन एकच असलें तरी त्याचें अडत नसे. तेरा छटाक तूप हवें आहे काय? मग अच्छेर ठेवा, पावशेर ठेवा, नवटाक ठेवूं नका, छटाक ठेवा. ठेवा, ठेवा, नको, ठेवा. याच क्रमानें संगणक तेरा हा आंकडा ११०१ असा लिहितो. रुपयाचीही हीच गोष्ट होती : अधेली, पावली, चवली, आणा. पावकी, निमकी व पाऊणकीचे पाढे घोकलेल्या पिढीला अर्ध्याचें अर्धें करीत जाणें हें श्वास घेण्याइतकें सवयीचें होतें. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं आलीं, मागोमाग मेट्रिक वजनें आलीं. व्यवहार सोपा झाला यांत संशय नाहीं. पण ज्या दशकांत देशाला संगणकाची ओळख होऊं लागली, त्याच दशकांत त्याचें अंकगणित बाजारांतून उठलें, हा योगायोग मौजेचा खरा.

वृत्तें शिकविणाऱ्या मराठी शिक्षकालाही ही विद्या परकी नाहीं. लघु व गुरु या दोनच खुणा घेऊन तीन अक्षरांच्या जागीं त्या किती प्रकारांनीं बसतात, तर आठ. म्हणून य, म, त, र, ज, भ, न, स हे आठ गण. चार अक्षरें घेतलीं तर सोळा. ही मांडणी पिंगलाच्या छंदःशास्त्रांत आली आहे. संगणकाच्या पुस्तकांत पहिल्या प्रकरणांत जो तक्ता असतो तो हाच, केवळ लघु-गुरूंच्या जागीं शून्य व एक लिहिलेला.

नागपुरास आणखी एक उदाहरण घरचें आहे. हें शहर कोष्ट्यांचें. लुगड्याच्या कांठावर नक्षी उठते ती ताण्याचा कोणता धागा उचलावा व कोणता खालीं ठेवावा यावरून. तिसरी स्थिति नाहीं. फ्रान्समध्यें जाकार्ड यानें १८०४ च्या सुमारास ही उचल-ठेव भोकें पाडलेल्या पुठ्ठ्यांवर उतरविली. इंग्लंडांत चार्ल्स बॅबेज यानें आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यांत तेच पुठ्ठे घेतले, आणि १८९० सालची अमेरिकेची खानेसुमारी हर्मन हॉलरिथच्या भोकांच्या पुठ्ठ्यांनीं मोजली गेली. मागाजवळून गणकयंत्राकडे जाणारी ही वाट इतकी सरळ आहे.

आतां शाळेकडे वळूं. आपल्या देशांतील माध्यमिक शाळांत सरकारी योजनेनें संगणक आला तो १९८४-८५ सालीं. केंद्रसरकारचें शिक्षण मंत्रालय व इलेक्ट्रॉनिक्स विभाग यांनीं मिळून ही योजना काढिली; इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘क्लास’ असें म्हणत. प्रारंभीं सर्व देशांतून सुमारें अडीचशें शाळा निवडण्यांत आल्या. यंत्र होतें बीबीसी मायक्रो. ब्रिटिश नभोवाणीनें आपल्या देशांतील लोकांना संगणक शिकविण्यासाठीं केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीकडून तें करवून घेऊन १९८१ सालीं बाहेर काढिलें होतें. त्याची स्मरणशक्ति बत्तीस किलोबाइट, म्हणजे सुमारें बत्तीस हजार रोमन अक्षरें. या अंकाचीं थोडीं पानें त्यांत मावलीं असतीं, अधिक नाहीं.

तें यंत्र सुरू केलें म्हणजे पडद्यावर चित्रें येत नसत. एक खूण दिसे, आणि यंत्र आज्ञेची वाट पाहत उभें राही. आज्ञा बेसिक नांवाच्या भाषेंत द्यावयाची. ही भाषा १९६४ सालीं अमेरिकेंतील डार्टमथ कॉलेजांत केमेनी व कुर्ट्झ या दोन गणिताच्या अध्यापकांनीं, शास्त्रशाखेबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही गणकयंत्र वापरतां यावें म्हणून तयार केली होती. मुलगा आंकडे घालून एकेक ओळ लिही : अमुक छाप, अमुक असेल तर पुढें जा, नाहीं तर दहाव्या ओळीकडे परत फीर. यंत्र चुकीची आज्ञाही निमूटपणें पाळी, आणि दोष आपलाच हें मुलाला आपोआप उमगे.

योजनेंत उणिवा नव्हत्या असें नाहीं. यंत्रें मोजकीं, मुलें फार, शिक्षकांचें प्रशिक्षण थोड्या दिवसांचें, आणि आज्ञावल्या पुष्कळशा विलायतेंतून आणलेल्या. मराठी माध्यमाच्या शाळेला त्यांतून काय मिळणार होतें? इंग्रजी शब्दांचा अडसर दाराशींच होता. तरीही आमचें मत असें आहे, कीं त्या दरिद्री यंत्रांत एक मोठा गुण होता. आज्ञा दिल्यावांचून तें कांहींच करीत नसे. म्हणून आज्ञा देण्याची विद्या शिकविण्यावांचून गत्यंतर नव्हतें.

यंत्राच्या पोटांत शिरण्याचें धाडस महाराष्ट्रांत झालें तें अकरावी-बारावींत. राज्य मंडळाच्या द्विलक्षी विषयांत संगणकशास्त्र हा दोनशें गुणांचा विषय होता, आणि नागपूर विभागीय मंडळाच्या हद्दींतील कनिष्ठ महाविद्यालयांनाही तोच अभ्यासक्रम लागू असे. एका पत्रिकेंत सी प्लस प्लस ही भाषा. दुसरींत ८०८५ नांवाच्या सूक्ष्मप्रक्रियकाची रचना. इंटेल कंपनीची ही चकती १९७६ सालची. बाजारांत ती जुनी होऊन गेली तरी आमच्या वर्गांत कैक वर्षें टिकली, याची पुष्कळांनीं थट्टा केली. आम्हांला ती थट्टा पटत नाहीं. शिकाऊ फलकावर कांहीं बटणें व आंकडे दाखविणारे दिवे असत. विद्यार्थी ३ई व नंतर ०५ हीं चिन्हें दाबी; त्याचा अर्थ, ‘ए’ नांवाच्या कप्प्यांत पांच ठेव. (हे आंकडे सोळांच्या हिशेबानें मोजावयाचे, रुपयाचे सोळा आणे मोजलेल्या आजोबांना तो हिशेब जड गेला नसता.) शेवटीं ७६, म्हणजे थांब. हें ७६ देण्यास मुलगा विसरला, तर यंत्र पुढल्या कप्प्यांत पडलेला केरकचराही आज्ञा समजून वाचीत सुटे. संगणकाला अर्थ कळत नाहीं, त्याला क्रम कळतो, ही गोष्ट त्या फलकापुढें बसलेल्या मुलाच्या मनावर जशी ठसे, तशी कोणत्याही व्याख्येनें ठसली नसती.

पण याची किंमत काय होती? द्विलक्षी विषय दोनशें गुणांचा, म्हणून तो घेणाऱ्यास दुसरी भाषा व आणखी एक विषय सोडावा लागे. इंग्रजी आवश्यक, ती राहिली. गेली ती बहुधा मराठी. पुढें माहिती तंत्रज्ञान हा शंभर गुणांचा विषय निघाला, तोही दुसऱ्या भाषेच्या जागीं घेतां येऊं लागला, आणि गुण बरे मिळतात म्हणून मुलांचा लोंढा तिकडे वळला. सोळा वर्षांच्या मुलापुढें एका रकान्यांत मराठी व त्याच रकान्यांत संगणक ठेवून ‘निवड’ म्हणावयाचें, ही रचना ज्यांनीं केली त्यांच्या मनांत कांहीं वाईट असेल असें आम्हांला वाटत नाहीं. परंतु घरीं मराठी बोलणाऱ्या मुलाला त्यामुळें असें वाटूं लागलें, कीं या दोन गोष्टींचें एकमेकींशीं वैर आहे. लघु-गुरु ज्या तासाला शिकावयाचे तो तासच सोडून तो शून्य व एक शिकावयास गेला!

मराठीचें आणि यंत्राचें वैर नव्हतें, हें दाखविणारे लोक त्याच काळांत आमच्याच प्रांतांतून निघाले होते. डॉ. विजय भटकर यांचा जन्म १९४६ सालीं अकोला जिल्ह्यांतील मुरंबा या गांवीं झाला. अभियांत्रिकीची पदवी त्यांनीं नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयांतून १९६५ सालीं घेतली. १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली तिचे ते संस्थापक-संचालक. तेथें १९९१ सालीं ‘परम’ हा महासंगणक तयार झाला. याच संस्थेनें, कानपूरच्या आयआयटींत आरंभलेलें ‘जिस्ट’ नांवाचें काम पुढें नेऊन, भारतीय लिपि पडद्यावर आणल्या. १९९१ सालीं या लिप्यांचें जें सांकेतिक मानक ठरलें, त्यांत मराठी ‘क’ आणि बंगाली किंवा तामिळ ‘क’ यांचा आंकडा एकच ठेवण्यांत आला, कारण या सर्व लिपि ब्राह्मीच्या लेकी. त्याच वर्षीं जागतिक युनिकोडांतही देवनागरीला स्थान मिळालें. तेथें ‘क’ चा क्रमांक २३२५ आहे. हा आंकडा शून्य व एक यांत लिहून दाखवा, एवढा एकच प्रश्न आठवीच्या वर्गांत घातला, तर मुलाला आपली भाषा व यंत्र यांची गांठ कोठें पडते तें कळून येईल. दुर्दैवानें शाळांत तो प्रश्न कचित्‌च घातला गेला.

कां घातला गेला नाहीं, त्याचें कारण १९९० नंतरच्या दिवसांत सांपडतें. नवीं यंत्रें आलीं, पडद्यावर चित्रें आलीं, हातांत माउस आला. तयार आज्ञावल्या विकत मिळूं लागल्या. आज्ञा लिहिण्याची गरज उरली नाहीं, आणि शाळांनीं ती विद्याही सोडून दिली. अक्षर ठळक कसें करावें, पत्रास चौकट कशी घालावी, आद्याक्षरांचीं पूर्ण रूपें कोणतीं, याला संगणकशिक्षण हें नांव पडलें. २००१ सालीं राज्यांत महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालें व एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गांवोगांव पसरला. सरकारी नोकरीसाठींही तो मागितला जाऊं लागला. प्रौढांना, गृहिणींना, खेड्यांतल्या तरुणांना त्यानें यंत्राची भीति घालविली, आणि तीही मराठींतून. हें श्रेय कोणी नाकारूं नये. डिसेंबर २००४ मध्यें केंद्राची शाळांसाठीं नवी योजना आली व अनेक शाळांत संगणककक्ष उभे राहिले. परंतु आगगाडीचें तिकीट काढतां येणें निराळें आणि एंजिन कशानें चालतें हें समजणें निराळें. शाळेनें पहिलें शिकविलें व दुसऱ्याचें नांव त्याला दिलें.

ही चूक एकट्या आमच्याकडे झाली नाहीं. ज्या इंग्लंडानें बीबीसी मायक्रो काढिला, तेथेंही पुढें हेंच झालें, आणि २०१२ सालीं रॉयल सोसायटीनें कडक शब्दांत अहवाल लिहिला. सप्टेंबर २०१४ पासून तेथील अभ्यासक्रमांत संगणकविद्येचीं मूलतत्त्वें लहान वर्गांपासून पुन्हां आलीं.

मुलींच्या आईबापांसाठीं येथें एक हकीकत सांगून टाकतों. सिस्टर मेरी केनेथ केलर या अमेरिकेंतील धर्मभगिनीनें १९६५ सालीं विस्कॉन्सिन विश्वविद्यालयांतून संगणकशास्त्रांत डॉक्टर ही पदवी मिळविली. त्या देशांत हा मान मिळविणारी ती पहिली स्त्री. त्याच वर्षीं डुब्यूक येथील क्लार्क कॉलेजांत तिनें हा विभाग काढिला व सुमारें वीस वर्षें चालविला. ती १९८५ सालीं निवर्तली, म्हणजे आमच्या देशांतील शाळांत पहिलीं यंत्रें पोहोंचत होतीं तेव्हां.

अलीकडे वारें पालटूं लागलें आहे. न्यूझीलंडांत टिम बेल व त्याच्या सहकाऱ्यांनीं यंत्रावांचूनच, पत्ते, दोरी व खडू घेऊन ही विद्या मुलांना शिकविण्याची रीति बसविली. आपल्याकडे एसीएम इंडिया या संस्थेनें २०१६ सालीं ‘सीएसपाठशाला’ हा उपक्रम हातीं घेतला. त्याचे पाठ मराठींतही मिळतात, आणि त्यांतील पुष्कळसे विजेवांचून चालतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानें माध्यमिकपूर्व वर्गांतच आज्ञालेखनाचा परिचय व्हावा असें म्हटलें आहे. धोरण झालें, आठवड्याच्या वेळापत्रकांत तास कोठून काढावयाचा व तो कोणी घ्यावयाचा, हें ज्या त्या शाळेला ठरवावें लागतें. आमची सूचना अशी, कीं तो पहिला तास मराठीच्या व गणिताच्या शिक्षकांनीं मिळून घ्यावा. सामान फार लागणार नाहीं. ज्यांच्या माळ्यावर छटाक, नवटाक, पावशेर व अच्छेर हीं जुनीं लोखंडी वजनें अद्याप पडून असतील, त्यांनीं तीं घांसून पुसून शाळेंत आणून द्यावीं. तराजू कोठेंही मिळेल.